हवेतलं पहिलं भांडण

"बाई, वजन बोला," अर्देशीर म्हणाला आणि मी विचार न करता "बासष्ट" म्हणून मोकळी झाले. बोर्डीच्या मागे त्याच्या चिकूच्या वाडीला लागून गवताची लांब पट्टी आहे. तिच्यावर त्याचं छोटंसं पांढरं विमान उभं होतं आणि पंखाच्या सावलीत आम्ही तिघं. माझं वजन एकाहत्तर आहे. मागच्या महिन्यात कासाच्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेले होते तेव्हा नर्सबाईंनी काट्यावरचा आकडा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा वाचला होता. पण इथे नवरा शेजारी उभा, लग्नाला जेमतेम नऊ महिने झालेले, आणि हा माणूस नाव विचारावं तितक्या सहज वजन विचारत होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईनं लाजू नये असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. एकदा बोललेला आकडा मागेही घेता येईना. मग अर्देशीरनं एकनाथरावांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "ब्याऐंशी." मी मान वळवून त्यांच्याकडे बघतच राहिले. शर्ट खांद्यावरून ओघळत होता, पट्ट्याला दोन जादा भोकं पाडलेली. हा माणूस कुठल्या बाजूनं ब्याऐंशी होता? पण मी स्वतः आत्ताच थाप मारलेली, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. अर्देशीरनं समजावून सांगितलं की लहान विमानात माणसं वजन बघून बसवावी लागतात. "साहेब भारी, ते पुढे माझ्या बाजूला बेसतील. बाई मागे, एकदम राणीसारख्या." म्हणजे जोडीनं सहलीला यायचं आणि एकानं पुढे, एकानं मागे बसायचं. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. आमचं घरीही साधारण तसंच चाललं होतं.

एकनाथराव पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी कासा आणि तलासरीच्या पट्ट्यात, पाटांच्या कडेनं चालत गेली. अर्देशीरच्या वडिलांपासून त्या घराशी ओळख, आणि जुनं विमान विकत घेतल्यापासून अर्देशीर त्यांच्या मागे लागला होता की साहेब, जन्मभर तुम्ही पाणी खालून बघितलं, एकदा वरून दाखवतो. मी डहाणूला प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमची ओळख निवडणुकीच्या ड्युटीवरची. मतदान केंद्रावर दुपारी दोन वाजून गेले तरी माझ्या पोटात काही नव्हतं, तेव्हा ह्या अनोळखी माणसानं आपला डबा उघडून अर्धा माझ्यासमोर सरकवला होता आणि स्वतः पाठ करून जेवला होता, मला संकोच वाटू नये म्हणून. ते लक्षात राहिलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी, त्यांची बायको भारती गेल्यावर आणि माझंही घर रिकामं झाल्यावर, कुणीतरी मध्यस्थी केली तेव्हा मला तो डबाच आठवला आणि मी हो म्हटलं. रजिस्टर लग्न केलं, पेढे वाटले, शेजारच्या बायका ह्या वयात ह्या वयात म्हणत पेढे खाऊन गेल्या. आणि आता नऊ महिन्यांनी मी ठरवून टाकलं होतं की नाशिकला जायचं, सईकडे. सई माझी मुलगी. तिला फोनवर सांगितलं होतं, पाच-सहा महिने तरी राहीन. ती म्हणाली, आई, जमत नसेल तर सरळ तसं सांग ना त्यांना. मी म्हटलं, रविवारची विमानाची हौस होऊ दे त्यांची, मग संध्याकाळी सांगते. पाच-सहा महिने म्हणजे काय ते तिलाही कळलं होतं आणि मलाही.

जमत नव्हतं म्हणजे काय, हे मात्र मला कुणाला सांगता येत नव्हतं. मारत नाही, दारू नाही, संशय नाही, सकाळचा चहा स्वतः करून आणून देतो, आत येण्याआधी खोलीच्या दारावर टकटक करतो, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या खोलीवर. काहीही विचारलं की एकच उत्तर, तुम्हाला जसं बरं वाटेल तसं. मला हाकसुद्धा बाई अशीच मारतात, शाळेतल्या शिपायासारखी. अशा माणसाबद्दल तक्रार करायला गेलं की ऐकणारी बाई आपल्याकडेच वेड्यासारखं बघते. सईचे बाबा रेल्वेत होते, आणि आमच्या क्वार्टरमध्ये रोज भांडण व्हायचं. पंख्यावरून, उशीवरून, रेडिओच्या आवाजावरून, ओला टॉवेल कुणी टाकला ह्यावरून. पलीकडच्या क्वार्टरमधली गंगी दळण घेऊन जाताना आमच्या खिडकीशी थांबून ऐकायची आणि वर मला सांगायची, बाय, आज तुजाच बरोबर होता. ते गेल्यावर सगळ्यात जास्त काय छळलं असेल तर टॉवेल. मी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकून बघायची, कुणी काही बोलत नव्हतं. एकनाथरावांच्या घरी तो टाकला तर पाच मिनिटांत दोरीवर गेलेला असतो, नीट पिळून, चिमटे लावून, आणि त्याबद्दल एक शब्द नाही. भरलेल्या घरात मी पुन्हा तशीच एकटी होते, आणि ह्या वेळी दोष द्यायला मरणसुद्धा नव्हतं.

विमान गवतावरून धडधडत पळायला लागलं तेव्हा हे सगळं डोक्यातून पार गेलं आणि तिथे एकच गोष्ट उरली, माझे नऊ किलो. पट्टी संपत आली, पुढे चिकूची झाडं, त्यांच्यामागे माड, आणि मला स्पष्ट जाणवलं की ह्या यंत्राला माझ्याबद्दल खोटी माहिती दिली गेलेली आहे. कुकरच्या डब्यात किती डाळ आहे ते न सांगता कुणाला शिट्ट्या मोजायला बसवावं तसं मी केलं होतं. मी पोट आत ओढून घेतलं, जसा काही त्यानं फरक पडणार होता. मग पोटात एक मोठा खड्डा पडला, झाडं खाली गेली आणि आम्ही समुद्रावर होतो. अर्देशीर कानात बोलला, कारण आम्हा तिघांच्या कानांवर मोठे हेडफोन होते आणि तोंडासमोर माईक. "जुओ बाई, बोर्डीचा किनारा." मी बघितलं. सुरूची रांग, ओहोटीची करडी वाळू, तिच्यावर माणसं म्हणजे नुसत्या टाचण्या. पुढे डहाणूची खाडी, होड्या, वीजकेंद्राची ती एवढी उंच चिमणी आता आमच्या खांद्याला आलेली. माझी शाळाही दिसली असेल, पण मला ओळखता आली नाही. वरून सगळी छपरं सारखीच. मला दिसत होती ती मुख्यतः एकनाथरावांची मान. पुढच्या सीटच्या वर पांढरे बारीक केस, न्हाव्यानं सरळ रेषेत कापलेले, आणि हेडफोनमुळे बाहेर आलेला एक कान. नऊ महिन्यांत मी ही मान इतका वेळ बघितली नव्हती. समोरासमोर असलो की ते इतक्या अदबीनं बघतात की आपणच नजर वळवतो. आता ते मला बघू शकत नव्हते, आणि त्यामुळे मला एकदम मोकळं वाटायला लागलं.

विमान पूर्वेला वळलं. आशागडची घरं गेली, रेल्वेची पट्टी मागे राहिली, बुलेट ट्रेनचे नवे खांब रांगेत उभे होते, अजून डोक्यावर काही नसलेले. भातं कापून झालेली, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या, मधूनच पाड्यांची कौलं, आणि लांबवर महालक्ष्मीचा सुळका, जो खालून नेहमी एकाच बाजूनं दिसतो आणि आज आपली पाठ दाखवत होता. "हा पाट," एकनाथराव म्हणाले. फार हळू म्हणाले, पण माईकमुळे ते माझ्या कानाच्या आत बोलल्यासारखं ऐकू आलं. शेतांमधून एक बारीक रेघ चमकत चालली होती. "इथे वळवायला लागला, मध्ये खडक आला. वरून वळण दिसत पण नाही." आवाजात आनंद होता. मला त्या आनंदाची कीव आली आणि हेवाही वाटला. तेवढ्यात डोंगरावरचा वारा लागला असावा, विमान एकदम खाली बसलं आणि वर आलं, परत बसलं. अर्देशीर शीळ घालत होता. पण मला वाटलं, झालं, आता हे माझ्यामुळे पडणार, कासाच्या शेतात कुठेतरी पडणार, आणि हा माणूस आपल्या पाटावर मरणार तो एका बाईच्या लाजेपायी, आणि त्याला ते कळणारही नाही. मी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली आणि माईकमध्ये म्हटलं, "अर्देशीर, माझं वजन बासष्ट नाहीये. एकाहत्तर आहे. मी खोटं बोलले."

मग एकनाथरावांचा आवाज आला, मान न वळवता. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"एकाहत्तर. कासाला मी दारात उभा होतो तेव्हा. म्हणून मी माझ्यात नऊ मिळवून सांगितले. म्हटलं बेरीज तरी चुकायला नको."

अर्देशीर असा हसायला लागला की विमान तेवढ्यानंच हललं असावं. "साहेब, बेरीज बराबर, पण जागा? तुम्ही भारी म्हणून मी तुमाला पुढे बेसवला, आणि तुमचे नऊ किलो तर पाछळ बसलेत. इंजिनियर माणूस तुम्ही." मग माझ्यासाठी म्हणाला, "बाई, घाबरू नका. बायका जे बोलतात त्यात मी नेहमी दहा मिळवतो. माझी मम्मी पण खोटंच बोलते. काय नाय होत."

मी हसले. खरंच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कुणी आपल्यासाठी इतक्या पटकन, चष्मा पुसता पुसता, स्वतःला नऊ किलोनं जाड करून घेतं, हे सुख मला ह्या जन्मात मिळालं नव्हतं. सईच्या बाबांनी तिथेच सगळ्यांसमोर म्हटलं असतं, बासष्ट? कधी, लग्नात? पण हसणं संपायच्या आत त्याच्या खालून राग वर आला आणि तो इतका जुना निघाला की मी दचकले. कारण हे नऊ किलो पहिले नव्हते. मी नळ चालू ठेवला आणि टाकी रिकामी झाली, तेव्हा ह्यांनी शेजारून चार बादल्या आणल्या आणि मला सांगितलं की आज पाणी उशिरा आलं. दूध उतू जाऊन पातेलं करपलं, ते मी उठायच्या आत घासून पालथं घातलेलं. त्यांच्या बहिणीनं माझ्याबद्दल काहीतरी म्हटलं, ते मला चार महिन्यांनी तिसऱ्याच कुणाकडून कळलं, आणि ह्यांनी तिच्याकडे जाणंच बंद केलं होतं. नऊ महिने माझ्या चुका माझ्या पाठीमागे कुणीतरी गोळा करत होतं आणि मला त्यांचा पत्ता नव्हता. जिथे चूकसुद्धा आपली राहत नाही त्या घरात बाईनं पाय कुठे टेकायचा?

"तुम्ही तिथल्या तिथे का नाही म्हणालात, की बाई, खोटं बोलू नका?" मी विचारलं.

"तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं."

"झालं असतं तर झालं असतं. मी काय पाहुणी आहे तुमच्याकडे?" माझा आवाज चढला होता, वर्गातला. "एकनाथराव, मी नाशिकला चाललेय. सईकडे. आज संध्याकाळी सांगणार होते. पाच-सहा महिने म्हटलंय, पण परत येईन असं मला वाटत नाही. तुम्ही चांगले आहात. पण तुमच्या घरात मला कुणी काही बोलतच नाही, आणि मला ते सोसत नाही आता."

"मी काय ऐकत नाय," अर्देशीर म्हणाला आणि समोरच्या एका काट्यावर बोट आपटत बसला. विमान उत्तरेला वळलं होतं, खाली कुर्झ्याच्या धरणाचं पाणी पसरलेलं, काठावर दोन-तीन गुरं. मी ती मान बघत होते. कान लाल झाला होता. उत्तर काय येणार ते मला पाठ होतं, आणि ते आलं की माझं जाणं पक्कं होणार हेही कळत होतं. सोडवणूक होईल म्हणून मी जणू त्याचीच वाट बघत होते आणि ते येऊ नये म्हणून नखं सीटमध्ये रुतवून बसले होते.

"तुम्हाला जसं..." एकनाथराव म्हणाले आणि थांबले. धरण निम्मं मागे गेलं. मग म्हणाले, "मला बरं नाही वाटणार."

एवढंच. पण ह्या माणसाच्या तोंडून ‘मला’ हा शब्द मी प्रथमच ऐकत होते. मला भीती वाटली की तो हवेत विरून जाईल, म्हणून घाईघाईनं, जे तोंडाला आलं ते मी पुढे केलं. "ती स्वयंपाकघरातली मांडणी मला काढायची आहे." ही स्टीलची भांड्यांची मांडणी भारतीची. बरोबर खिडकीवर ठोकलेली, सगळा उजेड अडवून. पावसाळ्यात मी एकदा विचारलं होतं तेव्हा ते जसं बरं वाटेल तसं म्हणून अंगणात जाऊन उभे राहिले होते, आणि त्या पाठीकडे बघून मी हातातलं स्टूल परत ठेवलं होतं. आता मी म्हटलं, "काढू का, असं विचारत नाहीये मी. आवडेल का ते सांगा."

"नाही आवडणार."

"का?"

"भोकं मी पाडली होती. भारती खाली उभी राहून सांगत होती, डावीकडे, उजवीकडे. अख्खा दिवस लागला." आणि मग आवाज एकदम, मला अपेक्षा नसताना, तडकला. "आणि उजेड उजेड काय करता तुम्ही? त्या खिडकीतून शेजारच्या हाल्याच्या गोठ्यातला उकिरडा दिसतो. म्हणून तर तिथे ठोकली. जेवताना उकिरडा बघायचाय का तुम्हाला?"

"पडदा लावीन."

"पडद्यानं उजेड जाईल."

"गेला तर जाऊ दे."

"मग मांडणी काय वाईट आहे?"

"ती माझी नाहीये," मी ओरडले, "आणि डोक्याला लागते माझ्या, रोज."

"रोज लागते तर नऊ महिने बोलला का नाहीत?" तेही ओरडले. पट्ट्यानं बांधलेले असूनही मागे वळायचा प्रयत्न करत होते, चष्मा तिरका झाला होता. "मी बोलत नाही, मी बोलत नाही. तुम्ही तरी कुठे बोलता? कपाळावर टेंगूळ घेऊन फिरता आणि मला वाटतं, ह्यांना माझ्याकडे तोंड करायलाच नको आहे."

मी कपाळाला हात लावला. हे त्यांनी बघितलं होतं, आणि त्याचा असा अर्थ लावून मनात ठेवून दिलं होतं. ते दारावर टकटक करून आत येत होते तेव्हा मी काय करत असे? साडी सारखी करून उठून उभी राहत असे, साहेब तपासणीला आल्यासारखी. माईकमधून दोघांचेही श्वास ऐकू येत होते. खाली तलासरीची घरं, हायवेवर मुंग्यांसारखे ट्रक, आणि अर्देशीर हळूच म्हणाला की बोलण्याच्या नादात तो वळायचं विसरला, आता गुजरात बघून परत जाऊ या, त्याचे वेगळे पैसे नाही घेणार. कुणी हसलं नाही. पण माझ्या पोटातला खड्डा भरून आला होता, आणि मी मजेत बाहेर बघत होते, जशी दार आपटून भांडणातून बाहेर आलेली बाई अंगणातलं ऊन बघते.

उतरल्यावर अर्देशीरनं चिकूची पिशवी दिली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. तलासरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा सईचा फोन आला. एकनाथराव गाडी चालवत होते, दोन्ही हात चाकावर, सगळं ऐकू जात होतं त्यांना.

"आई, सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"नको म्हणाले."

"नको म्हणजे? ते कोण नको म्हणणारे? काही बोलले का तुला?"

"बोलले. चांगले खडसावून बोलले." तिच्या आवाजातली काळजी मला कळत होती, आणि तिला समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. "सई, नाताळात येऊ आम्ही. दोघं. चार दिवस राहू." ती आई, आई करत होती तोवर मी फोन ठेवला.

रस्त्याच्या कडेनं ताडगोळेवाल्यांच्या रिकाम्या टपऱ्या जात होत्या. मग एकनाथरावांनी घसा साफ केला. "आणखी एक सांगू?" ते म्हणाले. "तुमच्या डाळीत गूळ फार असतो. नऊ महिने कसाबसा गिळतोय मी."

लागलं. उगाच खोटं कशाला सांगू, चांगलंच लागलं. "सईच्या बाबांना तशीच आवडायची," मी म्हटलं. त्यांच्यासमोर हे नाव मी पहिल्यांदा काढत होते.

"ओळखलंय मी," एकनाथराव रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "पण मी सईचे बाबा नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. समोरून बघितलेला आणि मागून बघितलेला माणूस एकच आहे ह्याची खात्री करावी तसं. नाही, हे सईचे बाबा नव्हते. हे एक वेगळेच, उंच, बारीक, कानात केस असलेले, गोड डाळ न आवडणारे गृहस्थ होते, आणि मी त्यांच्या घरी राहत होते. "नाही," मी म्हटलं, "तुम्ही नाही. गूळ कमी करीन. पण अजिबात बंद नाही करणार. मलाही जेवायचं असतं."

"बघू," ते म्हणाले.

मी पायांतल्या चपला काढल्या, पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली, आणि म्हटलं, घर यायला अजून वेळ आहे, आणखी काय काय साठलंय ते सगळं आत्ता सांगून टाका. ते जरा विचारात पडले, आणि मग एक एक करून सांगायला लागले.